मंजुळाबाईंचा वजीर

पिंपळे गुरवच्या गावठाणात देवकरांच्या घरी सून म्हणून आल्या, तेव्हा मंजुळाबाईंना बुद्धिबळातला फक्त घोडा ओळखता येत होता, आणि तोही घोड्यासारखा दिसतो म्हणून. बाकीचे मोहरे त्यांच्या लेखी लाकडाचे लहानमोठे खुंट. सासरे सोपानराव दुपारचे जेवण उरकले की ओसरीवर पट मांडायचे आणि दोन गल्ल्या पलीकडून दादासाहेब कदम यायचे. त्या दोघांच्या डावाची घरात कोणाला उत्सुकता नव्हती आणि कोणाला अडचणही नव्हती. मंजुळाबाईंचे काम एवढेच, की चहा नेऊन ठेवायचा आणि तो गार झाला की परत आणून गरम करायचा.

सोपानरावांनी हा नाद खडकीहून आणला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोवळ्या वयात ते तिथल्या दारूगोळा कारखान्यात लागले. जेवणाच्या सुट्टीत एका वयस्क फिटरने त्यांना खेळ शिकवला. पुढे नोकरी सोडून ते नदीकाठची शेती बघायला परत आले, पण बुद्धिबळ काही सुटले नाही. खेळ अर्थात जुन्या देशी पद्धतीचा. प्यादे एका वेळी एकच घर सरकणार, आणि राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. डाव रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा संथ चाले. कधी कधी एकच डाव दोन दुपारी पुरायचा.

मग सोपानरावांना कंपवात झाला. आधी चमचा थरथरायला लागला, मग विडी, आणि मग मोहरे. घोडा उचलायला जावे तर शेजारची दोन प्यादी आडवी व्हायची. दादासाहेब चांगल्या मनाचे होते. ते म्हणाले, तुम्ही नुसते सांगा, तुमचे मोहरे मी हलवतो. सोपानरावांना ते मानवले नाही. आपले मोहरे समोरच्यानेच हलवायचे म्हणजे खेळायच्या आधीच हरल्यासारखे, असे त्यांचे म्हणणे पडले. दोन दिवस पट मांडलाच गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, हिकडं ये जरा. मी सांगीन तसं हलवायचं. आपल्या मनानं काई न्हाई."

मंजुळाबाई हात पुसत आल्या आणि डोक्यावरचा पदर सावरून सासऱ्यांच्या बाजूला बसल्या. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे त्या रोज दुपारी तिथेच बसल्या.

घरी आलेल्या माणसाला पांढरे मोहरे द्यायचे, ही सोपानरावांची रीत. त्यामुळे मंजुळाबाईंच्या बाजूला कायम काळे. सुरुवातीला सोपानराव सगळे सांगायचे, हा मोहरा या घरातून त्या घरात. हळूहळू नुसते "उंट" किंवा "हत्ती" म्हणून हनुवटीने दिशा दाखवायचे. शेवटी शेवटी बोलणेही जड जाऊ लागले, तेव्हा त्यांची नजर जिथे जाई तिथे मंजुळाबाईंचा हात जाई. त्यांची एक खोड मंजुळाबाईंना पाठ झाली होती. राजापुढचे प्यादे सरकले की सोपानराव त्या बाजूचा उंट लगोलग बाहेर काढत आणि पार पटाच्या मध्याच्या जवळ उघड्यावर नेऊन बसवत. दादासाहेब त्याच्यावर प्यादे घालून त्याला हुसकत. सोपानराव उंट एक घर मागे घेत, पण समोरच्या राजाकडे जाणाऱ्या त्याच तिरक्या रेषेत ठेवत. मागे घेतला तरी त्याची नजर तिथेच राहते, एवढेच ते म्हणायचे.

एके दिवशी सोपानराव विचारात असताना मंजुळाबाईंचा हात आपोआप घोड्याकडे गेला. ते लक्षात येताच त्यांनीच चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सोपानरावांनी पाहिले. त्यांनी हत्ती हलवायला सांगितला आणि तो डाव ते हरले. दुसऱ्या दिवशी पट मांडताना त्यांनी सुनेकडे न बघता सांगितले, "काल तुजा हात गेला व्हता, तिथंच खेळाया पायजे व्हतं."

मंजुळाबाईंना त्या वाक्याचे इतके अप्रूप वाटले की पुढे कितीतरी दिवस भाकरी थापताना ते मनात येई आणि त्या स्वतःशीच हसत.

सोपानराव गेले, त्यांचे तेरावे-चौदावे झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले. एका दुपारी नेहमीच्या वेळी दादासाहेब आले आणि ओसरीवर बसले.   मंजुळाबाईंनी चहा आणून ठेवला. मग त्या आत गेल्या, फडताळातून पट आणि मोहऱ्यांची पिशवी काढून आणली आणि पांढरे मोहरे दादासाहेबांपुढे लावले. काळे आपल्या बाजूला लावून त्या बसल्या. दादासाहेबांनी खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले आणि राजापुढचे प्यादे एक घर पुढे सरकवले.

भावकीत थोडी कुजबुज झाली. सासऱ्याच्या मित्रासमोर सून पट मांडून बसते, हे काही जणींना रुचले नाही. मंजुळाबाईंचे यजमान अर्जुनराव बैलगाडा शर्यतीचे शौकीन. त्यांना एका जागी स्थिर बसलेले कोणी कधी पाहिले नव्हते, आणि बुद्धिबळाइतका कंटाळवाणा प्रकार जगात दुसरा नाही असे त्यांचे ठाम मत होते. पण चुलतीने विषय काढला तेव्हा त्यांनी तो एका वाक्यात मिटवला. बसतेय ती स्वतःच्या ओसरीवर बसतेय, कोणाच्या डोक्यावर न्हाई, असे ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

वर्षे गेली. नदीकाठच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. देवकरांचे कौलारू घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली. खाली घरची माणसे, वर भाडेकरू. ओसरी गेली, पण जिन्याशेजारी मंजुळाबाईंनी हट्टाने एक ऐसपैस कट्टा बांधून घेतला होता, आणि दुपारचा डाव आता त्या कट्ट्यावर रंगायचा. दादासाहेबांनी ऐंशी ओलांडली. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना पट पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागला होता, आणि आपण इतकी वर्षे हरत होतो ते डोळ्यांमुळेच, असे ते कोणालाही सांगत.

दुसऱ्या मजल्यावर ज्योतीराम म्हणून एक भाडेकरू राहायला आला. औशाकडचा माणूस, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट असली की चारच्या पुढे कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायचा. एके दिवशी जिना चढता चढता तो थबकला, डबा हातात धरून कट्ट्यापाशी उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. तो स्वतः मोबाइलवर बुद्धिबळ खेळायचा. बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, जिथे जमेल तिथे. शेवटी न राहवून त्याने विचारले, की प्यादे पहिल्या चालीला दोन घरे का नाही टाकत.

"प्यादं दोन घरं कसं पळंल?" दादासाहेब म्हणाले. "प्यादं हाय का हरीण?"

ज्योतीराम हसला आणि खाली बसला. त्या दिवसापासून कट्ट्यावर तिसरा माणूस आला. पहिली शिफ्ट असलेल्या आठवड्यांत तो रोज अर्धा तास बसायचा आणि सगळीकडे खेळतात ते नियम समजावून सांगायचा. प्यादे दोन घरे कधी जाते, किल्लेकोट कसा करायचा, प्यादे शेवटच्या घरात पोचले की वजीर कसा मिळतो. दादासाहेबांनी महिनाभर असहकार पुकारला. मंजुळाबाईंनी मात्र सगळे चटकन उचलले. राजाला उडी मारून पळवण्यापेक्षा हत्तीच्या आडोशाला नीट बसवायचे, हे त्यांना गृहिणी म्हणूनही पटले.

एकदा दादासाहेबांना बरे नव्हते म्हणून ज्योतीरामच पांढरे घेऊन बसला. त्याने प्यादे काढले, घोडा काढला आणि तिसऱ्या चालीला आपला उंट लांबवर आणून काळ्या घोड्यावर रोखला. मंजुळाबाईंनी सवयीप्रमाणे आपला उंट उघड्यावर आणून बसवला. ज्योतीराम पटाकडे बघतच राहिला. त्याने मोबाइल काढून काहीतरी शोधले आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या ह्या चालीला नाव हाय की. क्लासिकल डिफेन्स म्हनत्यात हिला. लय जुनी. आता कोनी जास्त खेळत न्हाई."

मंजुळाबाईंनी ते नाव दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिले. मग म्हणाल्या की नाव कोणी का ठेवले असेना, आमच्या घरात हिला मामंजींचा उंट म्हणतात.

निगडीला प्राधिकरणात एका सभागृहात खुली स्पर्धा आहे, ही बातमी ज्योतीरामनेच आणली. सून तनुजाने मोबाइलवरून नाव घालूनही टाकले आणि मग सासूबाईंना सांगितले. तनुजाला वाटले होते की आता समजूत घालावी लागणार. पण मंजुळाबाई लगेच तयार झाल्या. त्यांना बक्षिसाची हाव नव्हती की कोणाला काही दाखवून द्यायचे नव्हते. इतक्या वर्षांत त्या दादासाहेबांशी खेळल्या आणि अलीकडे ज्योतीरामशी. दोघांची चाल त्यांना आधीच कळायची. तिसरा माणूस कसा खेळतो ते त्यांना बघायचे होते.

शनिवारी सकाळी अर्जुनरावांनी त्यांना स्कूटरवरून निगडीला नेले. सभागृहात शिरल्यावर मंजुळाबाईंना आधी वाटले की आपण चुकून शाळेत आलो. जिकडे तिकडे पोरे. कोणाच्या गळ्यात पाण्याची बाटली, कोणी खुर्चीवर गुडघे टेकून बसलेले. आयाबाप डबे आणि स्वेटर घेऊन दाराबाहेर उभे. नऊवारीतली बाई कोणाची तरी आजी असणार असे समजून एका कार्यकर्त्याने त्यांना नम्रपणे पालकांच्या रांगेत उभे राहायला सांगितले. नाव सांगितल्यावर त्याने यादी पाहिली आणि स्वतः पुढे होऊन त्यांना टेबलापर्यंत पोचवले.

पहिल्या फेरीत समोर पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिने ज्यूस पीत पीत, पाय हलवत मंजुळाबाईंना हरवले आणि "थँक्यू आजी" म्हणून पळाली. मंजुळाबाईंना वाईट वाटण्यापेक्षा गंमतच जास्त वाटली. एवढ्या लहान डोक्यात एवढे सगळे मावते कुठे, असे त्या अर्जुनरावांना विचारत राहिल्या.

खरी पंचाईत झाली ती घड्याळाची. चाल खेळली की शेजारच्या घड्याळाची कळ दाबायची असते, हे ज्योतीरामने घोकवून घेतले होते. तरी ऐन रंगात त्या विसरत. दुसऱ्या फेरीत त्यांचा डाव चांगला होता, पण चाल करून त्या नुसत्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसल्या आणि त्यांचीच वेळ सरत गेली. तो डावही गेला. एक गोष्ट मात्र त्यांच्या पथ्यावर पडली. मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो, या नियमाने पोरे सारखी अडचणीत येत होती. मंजुळाबाईंना त्याचा काहीच त्रास झाला नाही. सांगितल्याशिवाय मोहऱ्याला हात लावायचा नाही, हे त्यांच्या बोटांना दहा वर्षे वळण होते. आता सांगणारे कोणी नव्हते, पण बोटे तशीच मांडीवर गप्प बसून राहायची.

तिसऱ्या फेरीपासून गाडी रुळावर आली. तिसरा डाव जिंकला, चौथा बरोबरीत सुटला. रविवारी तनुजाही बघायला आली, आणि सकाळी पाचव्या फेरीत आणखी एक डाव जिंकला. जेवणाच्या सुट्टीत अर्जुनराव आयाबापांच्या घोळक्यात उभे राहून, आमच्या हिचे पण बरे चाललेय, असे सांगत होते. काळे खेळतेय की पांढरे, असे कोणी विचारले तेव्हा त्यांना सांगता आले नाही.

शेवटच्या फेरीत मंजुळाबाईंना काळे मोहरे आले. समोर एक तिशीतली मुलगी येऊन बसली. नाव करिष्मा. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. शाळेत असताना ती जिल्ह्याकडून खेळायची, पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण यात सगळे मागे पडले, आणि आता कितीतरी वर्षांनी ही तिची पहिलीच स्पर्धा. हे अर्थात मंजुळाबाईंना नंतर कळले. त्या वेळी त्यांना एवढेच दिसले, की दाराशी एक बाई तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत उभी आहे आणि ही मुलगी दर थोड्या वेळाने तिकडे बघतेय.

डाव सुरू झाला. करिष्माने प्यादे काढले, घोडा काढला आणि तिसऱ्या चालीला उंट आणून काळ्या घोड्यावर रोखला. अगदी ज्योतीरामने रोखला होता तसा. मंजुळाबाईंनी मामंजींचा उंट बाहेर काढून उघड्यावर बसवला. करिष्माने भुवया किंचित उंचावल्या. असे काही समोर येईल याची तिला कल्पना नव्हती. तरी ती डगमगली नाही. तिने किल्लेकोट केला, मंजुळाबाईंनीही केला. मग करिष्माने मधली प्यादी पुढे ढकलून उंटाला हुसकले. मंजुळाबाईंनी तो एक घर मागे घेतला, पण रेषा सोडली नाही. करिष्माच्या डाव्या हाताला, पटाच्या कडेजवळ तो जाऊन बसला तो बसलाच. पुढे बराच वेळ त्याला कोणी विचारले नाही.

मधल्या प्याद्यांची मारामारी झाली आणि पटाचा मध्य मोकळा झाला. करिष्माने राजापुढे एक प्यादे एक घर सरकवून काळ्या मोहऱ्यांना त्या बाजूने यायची वाट बंद केली. मंजुळाबाईंनी आपला घोडा पटाच्या कडेला नेला, तिथून उडी मारून पांढऱ्या राजाच्या अंगणात आणला आणि त्याच्या मागोमाग वजीर समोरच्या रांगेत उभा केला. आता वजीर राजाशेजारचे प्यादे मारून मात करणार, ही धमकी उघड होती.

करिष्माने ती बघितली होती. तिने शांतपणे आपला घोडा कडेला घेतला. चाल सुरेख होती. त्या एका चालीने तिने मात वाचवली आणि उलट काळ्या वजिरावरच मारा आणला. आता वजिराला पळावे लागणार, तो पळाला की काळ्याचा हल्ला विस्कटणार. चाल करून तिने घड्याळ दाबले आणि दाराकडे पाहिले. तान्ही मुलगी त्या बाईच्या खांद्यावर झोपली होती.

मंजुळाबाई पटाकडे बघत राहिल्या. बोटे मांडीवर. वजीर मागे घ्यायला दोन-तीन चांगल्या जागा होत्या. सोपानराव असते तर त्यांची नजर त्यातल्याच एकीवर गेली असती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी सवयीने मनातल्या मनात शेजारी बघितले. आणि मग त्यांचे लक्ष पांढऱ्या राजापुढच्या एका प्याद्यावर गेले. ते प्यादे, त्याच्या तिरके मागे राजा, आणि त्याच तिरक्या रेषेत, मोकळ्या पडलेल्या मध्यातून थेट पलीकडे, कडेला बसलेला आपला उंट. ते प्यादे हलले की राजाला शह बसतो. म्हणजे ते जागचे हलूच शकत नाही. म्हणजे ते कोणाला मारूही शकत नाही.

 त्यांनी तीनदा पडताळून पाहिले. मग वजीर उचलला, मागे न घेता सरळ पुढे नेला आणि त्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. या खेपेला घड्याळाची कळ दाबायला त्या विसरल्या नाहीत.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा आपला डाव सोडून इकडे बघायला लागला. करिष्माचा हात प्याद्याकडे निघाला आणि हवेतच थांबला. तिने पटाची डावी कडा पाहिली. उंट पाहिला. मग हात मागे घेऊन तिने दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवली आणि विचार करायला लागली. वजीर समोर आयता बसला होता आणि त्याला मारता येत नव्हते. कडेला नेलेल्या घोड्यावर आता वजिराचा नेम होता. तिने दुसरा घोडा आणून त्याला जोर दिला. मंजुळाबाईंनी अंगणातल्या घोड्याने राजापुढचे ते कडेचे प्यादे मारून शह दिला. त्या घोड्यालाही मारता येईना, कारण त्याच्यावर मारा करणारे प्यादे आता वजिराने जखडले होते. राजा कोपऱ्यात सरकला. घोड्याने पुन्हा उडी मारली, उंटाने इतका वेळ जखडून ठेवलेले प्यादे खाल्ले आणि पुन्हा शह दिला. पुढे काय काय जाणार ते दोघींनाही दिसत होते.

करिष्माने थोडा वेळ तसाच पट पाहिला. मग हसून हात पुढे केला. "काकू, मी सोडते."

मंजुळाबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.  जिंकल्यावर समोरच्याला काय म्हणायचे असते हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. दादासाहेब हरले की उद्या येतो म्हणून उठून जात.

"लेक कितीची हाय?" त्यांनी विचारले.

सात महिन्यांची, करिष्माने सांगितले. बाहेर बाकावर बसून तिने पिशवीतून स्वतःचा गुंडाळता येणारा पट काढला आणि तो डाव पुन्हा लावला. उंट आपल्याला सुरुवातीला दिसत होता, पण बराच वेळ तो हललाच नाही म्हणून आपण त्याला विसरलो, असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खंत कमी आणि कौतुक जास्त होते. इतक्या वर्षांत आपल्याला एखाद्या डावाने अशी मजा आणली नव्हती, जिंकलेल्या डावांनीसुद्धा नाही, असेही ती म्हणाली. अर्जुनराव सात महिन्यांच्या मुलीला स्कूटरची किल्ली वाजवून दाखवत होते.

निकाल लागला तेव्हा मंजुळाबाई एकंदरीत मधल्याच घोळक्यात होत्या. पण साठीपुढच्या महिलांसाठी वेगळे पारितोषिक होते, ते त्यांना मिळाले. त्या गटात त्या एकट्याच होत्या. चषक घेऊन खाली उतरताना त्या तनुजाला म्हणाल्या, "एकटीच पळाले अन् पयली आले बघ." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की तनुजाला फोटो नीट काढता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कट्ट्यावर दादासाहेब हजर होतेच. ज्योतीरामची दुसरी शिफ्ट होती, त्याला कामावर जायचे होते, तरी बस चुकेल तर चुकेल म्हणून तो जिन्यात उभा राहिला. मंजुळाबाईंनी तो डाव पहिल्या चालीपासून लावून दाखवला. दादासाहेब मध्ये मध्ये पांढऱ्याच्या चुका काढत होते. वजिराची ती चाल आली तेव्हा मात्र त्यांना चूक सापडेना. त्यांनी पुढे वाकून पट न्याहाळला, प्यादे पाहिले, उंट पाहिला. मग वजिराच्या डोक्यावर बोट टेकवले.

मंजुळाबाई म्हणाल्या की हे सगळे मामंजींच्या उंटामुळे जमले, त्यांनीच शिकवलेले.

"उंट सोपानचा, व्हय," दादासाहेब म्हणाले. "पर ह्यो वजीर त्याचा न्हाई. वजिराच्या बाबतीत सोपान लई भित्रा व्हता. मी त्याच्याशी जन्मभर खेळलो, मला म्हाईत हाय. ही चाल तुजी हाय, सूनबाई."

 सासऱ्यांना कोणी भित्रे म्हटलेले एरवी मंजुळाबाईंना खपले नसते. पण दादासाहेब खरे तेच बोलत होते, आणि ते त्यांना काल टेबलावरही कळले होते, फक्त स्वतःशी कबूल करायचा धीर होत नव्हता. इतकी वर्षे त्या दुसऱ्याचे मोहरे सांभाळल्यासारख्या खेळल्या. जिंकले तर मामंजींचे, हरले तर आपले. काल पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे काही खेळले होते. त्यांना एकदम हलके वाटले, आणि थोडी भूकही लागली. त्या आत गेल्या आणि सगळ्यांसाठी कांदाभजी तळायला घेतली. ज्योतीरामची बस निघून गेली ती गेलीच. त्याने दोन भजी तोंडात टाकली, चार कागदात बांधून घेतली आणि तो चाकणकडे जाणारी रिक्षा शोधत पळाला.

करिष्माचा फोन त्याच आठवड्यात आला. तिचे घर सांगवीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आता बहुतेक रविवारी ती लेकीला घेऊन येते. कट्ट्यावर सतरंजी अंथरून मुलीला मध्ये बसवतात, आणि हाताला लागेल तो मोहरा ती तोंडात घालते, म्हणून तिच्यासाठी अर्जुनरावांनी बाजारातून लाकडी खुळखुळा आणलाय. करिष्मा जास्त वेळा जिंकते. मामंजींचा उंट आता तिला पुरता ओळखीचा झालाय आणि ती त्याच्यावर दर वेळी नवा उपाय शोधून आणते. दादासाहेब शेजारी बसून दोघींनाही चाली सुचवतात आणि दोघीही त्या ऐकत नाहीत.

दिवाळीनंतर चाकणला आणखी एक स्पर्धा आहे म्हणे. तनुजाने विचारले तेव्हा मंजुळाबाई गवार निवडत होत्या. त्यांनी मान न उचलता सांगितले, की नाव घाल, पण या वेळी करिष्माचे आणि माझे दोघींचे घाल, आणि दादासाहेबांना विचार. दादासाहेबांनी आधी नको म्हटले. मग संध्याकाळी काठी टेकत परत आले आणि जिन्यातूनच विचारले की तिथे बसायला पाठ असलेली खुर्ची मिळते का.